इन्नायरचे तीन खडे

शनिवारी दुपारची नमाज संपल्यावर मुकद्दम हम्मूने मशिदीच्या पायरीवर उभे राहून हवामान खात्याचा इशारा वाचून दाखवला, तेव्हा तुदा समोरच्या झऱ्यावर पाण्याचे कॅन भरत होती. सरकारी निरोप गावात पोचवणे हे हम्मूचे कामच होते. फोन हातभर लांब धरून तो अरबी मजकूर वाचायचा आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबून तो आपल्या बोलीत सांगायचा.

"सोमवारी सकाळी सहापासून बुधवारी संध्याकाळपर्यंत. सतराशे मीटरच्या वर जोराचा बर्फ. पन्नास ते ऐंशी सेंटिमीटर. खिंडीतून ताशी नव्वद किलोमीटरचा वारा. रात्री उणे आठ. आपला प्रांत आणि शेजारचे दोन. पातळी लाल."

भिंतीला पाठ टेकून उन्हात बसलेल्यांपैकी कोणी हलले नाही. अद्दीने तेवढा पाय पसरला. गावातला सर्वांत मोठा कळप त्याचा होता आणि सर्वांत तिखट जीभही त्याचीच.

"लाल," तो म्हणाला. "मागच्या वेळी नारिंगी होती. त्याआधी पिवळी. पुढच्या महिन्यात जांभळी पाठवतील."

माणसे हसली. हम्मूने फोन खिशात ठेवला. "मी पाठवत नाही, काका. मी फक्त वाचतो."

"तू चांगलाच वाचतोस रे. डिसेंबरात इतकं छान वाचलंस की आम्ही दोनशे मेंढरं खिंड ओलांडून खाली आणली. चार मेंढ्यांनी वाटेत गाभ टाकला. आणि बर्फ कुठं पडला? त्या टेलिव्हिजनमध्ये."

हे खरे होते. दोनदा इशारा आला होता आणि दोन्ही वेळा तागुर्त गावावर स्वच्छ ऊन पडले होते. बर्फ पडला तो डोंगराच्या उत्तरेला, त्याच प्रांतात पण दुसऱ्या उतारावर. गाव आणि त्याची कुरणे दक्षिणेच्या उतारावर होती आणि प्रांताच्या नकाशात हा फरक कोणी दाखवलेला नव्हता. म्हणून नव्या वर्षाच्या तोंडावर पंचांनी ठरवले होते की कळप पुन्हा खिंडीपलीकडच्या अझिबवर न्यायचे. अझिब म्हणजे हिवाळी कुरणावरच्या दगडी झोपड्या आणि मेंढवाडे. तिथे अजून वाळके गवत होते. गावातल्या माळ्यांवर मात्र जेमतेम वीस दिवसांचा पेंढा उरला होता. सहा घरांची मेंढरे घेऊन दोघे जण वर गेले होते: अद्दीचा मुलगा झायिद आणि तुदाचा नवरा बस्सू. तिथवर पायी सहा तास लागत. फोन लागायचा नाही.

"आणि मीठ काय म्हणालं?" अद्दीने सगळ्यांकडे पाहत विचारले. "इन्नायर कोरडा. संपायला अजून अठरा दिवस आहेत. लल्ला यम्नाचं मीठ कधी चुकलंय, ते सांगा मला कुणीतरी."

लल्ला म्हणजे थोर बाईला मानाने मारायची हाक, आणि यम्ना ही तुदाची सासू. तुदाच्या हाताखालचा कॅन भरून वाहू लागला होता. तिने तो बाजूला घेतला आणि झाकण लावले.

गावाचे वर्ष सरकारी कॅलेंडरच्या तेरा दिवस मागून येते. ते ज्या सकाळी सुरू होणार, तिच्या आदल्या संध्याकाळी यम्नाच्या घराच्या धाब्यावर, पाटीसारख्या सपाट दगडावर, मिठाचे तीन खडे उगवतीकडून मावळतीकडे ओळीने ठेवले जात. पहिला इन्नायरचा, दुसरा फब्रायरचा, तिसरा मार्सचा. उजाडल्यावर जो खडा पाझरलेला असेल त्या महिन्यात पाऊस नाहीतर बर्फ. जो कोरडा राहील तो महिना कोरडा. एके काळी हे प्रत्येक घरात होत असे. यम्ना इतकी वर्षे इतके नेमके सांगत आली की बाकीच्यांनी आपापले दगड कधी उचलून ठेवले ते त्यांनाही आठवत नव्हते.

या वर्षी यम्नाची कंबर धरली होती. तिला शिडी चढणे शक्य नव्हते. डोळ्यांत मोतीबिंदू आधीपासून होताच, पण खडे ती नेहमी बोटांनीच पारखायची. "तू ठेव," तिने सुनेला सांगितले होते. "जेवायच्या आधी."

त्या संध्याकाळी तुदाची दोन वर्षांची मुलगी इट्टो खोकून खोकून निळी पडत होती. तुदाने तिला वाफ दिली, छातीला तेल चोळले, मांडीवर घेऊन बसली. सातूची लापशी तिने तशीच, पोरीला एका हाताने धरून खाल्ली. लापशीत दडवलेली खजुराची बी नेमकी तिच्या घासात आली. ज्याच्या घासात बी येते, त्याचा हात त्या वर्षी बरकतीचा. यम्नाने आपल्या गळ्यातली कोठीची किल्ली काढून तिच्या गळ्यात घातली. नदीपलीकडच्या गावातून आलेल्या या सुनेला चार वर्षांत पहिल्यांदाच असे काही मिळाले होते. मग पोरीला झोप लागली, आणि तिच्या शेजारी तुदालाही.

जाग आली ती यम्नाच्या हाकेने. "सूनबाई, पाटी आण खाली." उजाडले होते. दाराशी अद्दी, हम्मू आणि चारपाच बायामाणसे येऊन उभी होती.

तुदाने चुलीजवळच्या खुंटीला टांगलेल्या चामड्याच्या पिशवीतून तीन खडे मुठीत घेतले आणि शिडी चढून गेली. धाब्यावर आदल्या दिवशी विसरलेली पोरीची दुपटी दवाने गोठून फळीसारखी ताठ झाली होती. तिने खडे पाटीवर मांडले. तिन्ही पांढरे, कोरडे. तीन वर्षे पाऊस धड झाला नव्हता. गेल्या उन्हाळ्यात सातूची ओंबी वीतभर उंचीवर निसवली होती आणि कापायला विळा लागला नव्हता, हातांनीच उपटावी लागली होती. तिन्ही महिने कोरडे, असा निरोप घेऊन त्या माणसांसमोर उतरण्याचे तिला धाडस झाले नाही. तिने अंगठा जिभेला लावला आणि तिसरा खडा नीट ओला केला. दुसऱ्यावर अंगठा नुसता फिरवला. पहिला तसाच ठेवला, कारण माणसे वर अझिबवर होती आणि त्यांना अजून महिनाभर कोरडीच हवा पाहिजे होती. यात कोणाचे वाईट होईल असे तिच्या मनातही आले नाही.

यम्नाने एकेक खडा बोटांनी पारखला. पहिल्यावर तिची बोटे जरा जास्त वेळ थांबली.

"इन्नायर कोरडा," ती म्हणाली. "फब्रायर थोडा ओला. मार्समध्ये भरपूर."

दारातल्या माणसांनी देवाचे आभार मानले. अद्दीने तुदाच्या हातून मूठभर बदाम घेतले आणि म्हणाला, "बघा, सुनेच्या हाताला गुण आहे."

*

पाण्याचे कॅन पाठीवरून उतरवून तुदा आत आली तेव्हा यम्ना चुलीशी बसून लोकर पिंजत होती.

"हम्मू काय ओरडत होता?"

"सोमवारपासून बर्फ, म्हणतात. तीन दिवस. लाल इशारा आहे."

"त्याला काहीतरी वाचायला लागतंच." हम्मू तिचा धाकटा भाऊ होता. "लहानपणी साखरेच्या पुड्याचा कागद वाचायचा."

"लल्ला, कुणाला तरी वर पाठवा. तुम्ही सांगितलंत तर हम्मू मामा जातील. आत्ता निघाले तर रात्री पोचतील, उद्या दुपारपर्यंत कळप खाली येतील."

"मीच मीठ वाचलं आणि मीच माणूस धाडू? मग लोक म्हणतील, म्हातारीचाच स्वतःच्या बोटांवर भरवसा नाही. डिसेंबरात गाभडलेल्या मेंढ्यांतल्या दोन आपल्या होत्या, विसरलीस?"

"नाही विसरले."

"मग? नवरा नसला की रात्र मोठी वाटते, मला ठाऊक आहे. मीसुद्धा या घरात सून म्हणूनच आले होते."

तुदा तिच्यासमोर बसली. तिने गळ्यातली किल्ली काढून दोघींच्या मध्ये जमिनीवर ठेवली. लोखंडाचा आवाज ऐकून यम्नाचे हात थांबले.

"मी त्या रात्री मीठ ठेवलंच नाही," तुदा म्हणाली. "इट्टोच्या खोकल्यात राहून गेलं. सकाळी पिशवीतले खडे घेऊन वर गेले. तिसरा मी थुंकी लावून ओला केला. पहिल्याला हात लावला नाही. इन्नायरबद्दल मीठ काही बोललेलंच नाही, लल्ला. जे बोलले ते मी."

यम्नाने लोकरीतला एक काटा शोधून काढला आणि विस्तवात टाकला.

"किल्ली गळ्यात घाल," ती म्हणाली. "पोर तोंडात घालील."

"लल्ला…"

"आणि हे या घराबाहेर जाता कामा नये. तुझं काही नाही, तू चार दिवसांनी विसरशील. या घराच्या दाराशी माणसं येतात ती का येतात, माहीत आहे तुला? आपल्याकडे ना जमीन आहे, ना मोठा कळप."

"आणि बस्सू?"

"बर्फ देवाच्या हातात असतो."

"मीठ माझ्या हातात होतं," तुदा म्हणाली.

यम्नाने पुन्हा लोकर ओढून घेतली, पण पिंजत काही नव्हती. नुसती हातात धरून बसली होती. तुदाने इट्टोला पाठीशी बांधले आणि ती बाहेर पडली.

*

पुरुषांच्या त्या भिंतीशी बायका जात नसत असे नव्हे. लाकडाचा भारा नाहीतर गवताचा बिंडा पाठीवर घेऊन, नजर वाटेवर ठेवून त्या तिथून जात. रिकाम्या हातांनी येऊन तिथे थांबलेली बाई कोणी पाहिली नव्हती. तुदा थांबली तशी बोलणी बंद पडली.

तिने हम्मूकडे पाहून सगळे सांगितले. पोरीचा खोकला, झोप, पिशवी, अंगठा. सांगताना आवाज कापू नये म्हणून ती एकेक वाक्य वेगळे करून बोलली.

तिचे संपल्यावर सर्वांनी अद्दीकडे पाहिले. तो रागावला असता तर बरे झाले असते. तो हसला, आणि ते हसणे दुष्टपणाचे नव्हते.

"पोरी, हे तुला शिकवलं कुणी? या मुकद्दमानं?"

"कुणी नाही, काका. घडलं तेच सांगते आहे."

"आमच्या लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात मी अझिबवर होतो. झायिदच्या आईनं निरोप धाडला, मरायला टेकले आहे, या. मी रात्रभर चालत आलो. दुसऱ्या दिवशी ही बाई डोक्यावर शेणाची पाटी घेऊन माझ्या पुढं."

भिंतीशी हशा पिकला. कोणीतरी म्हणाले, "माझी तर अजून मरते आहे, दर हिवाळ्यात."

"काका, झायिदही वर आहे," हम्मू म्हणाला.

"म्हणूनच सांगतो. माझा मुलगा वर आहे आणि माझ्या पंधरा मेंढ्या आज-उद्या व्यायच्या आहेत. अशा वेळी त्यांना खिंड चढवायची? बायको घाबरली म्हणून?" तो तुदाकडे वळला. आवाज खाली आणून म्हणाला, "घाबरणं वाईट नाही गं. पण त्यासाठी मिठावर आळ घेऊ नये. लल्लाला कळलं तर तिला काय वाटेल?"

"त्यांना कळलं आहे. त्यांनाच विचारा."

हे ती बोलून गेली, आणि बोलल्यावर तिला कळले की आता परतीची वाट उरली नाही. अद्दीने हात टेकून उठायला सुरुवात केली. "चला तर. विचारूनच घेऊ. संशय नको."

सातआठ जण यम्नाच्या दारी आले. तेरा दिवसांपूर्वी जवळजवळ हीच माणसे इथे उभी होती. यम्ना चुलीशी तशीच बसलेली होती. किल्ली अजून जमिनीवरच होती. ती कोणी उचलली नव्हती.

"ताई," हम्मूने उंबऱ्याबाहेरूनच विचारले, "तुदा म्हणते, मीठ रात्री बाहेर ठेवलंच नव्हतं. खरं आहे?"

"मी धाब्यावर गेले नव्हते. माझी कंबर तुला माहीत आहे."

"तेच म्हणतो," अद्दी म्हणाला. "लल्लानं पाहिलेलं नाही. ही एकटीच सांगते. लल्ला, तुमची बोटं काय म्हणाली ते सांगा म्हणजे झालं. ओला तो ओला, कोरडा तो कोरडा."

तुदा कोपऱ्यात उभी होती. तिला वाटले, सासू आता म्हणेल की पोर घाबरली आहे, तिचे मनावर घेऊ नका. तसे म्हणणे किती सोपे होते हे तिला दिसत होते, आणि त्याबद्दल तिला रागही येईना.

यम्नाने दोन्ही हात पुढे करून चुलीवर धरले, जणू ती फक्त शेकत होती.

"रात्रभर धाब्यावर राहिलेला खडा कसा लागतो, माहीत आहे तुला अद्दी?" ती म्हणाली. "नाही. तू कधी हात लावला नाहीस. ओला असो, कोरडा असो, तो बोटाला चावतो. या घरात सून होऊन आले त्या वर्षापासून मी ते खडे हाताळते आहे. एखाद्या वर्षी बोटाची कातडी चिकटून येते." ती थांबली. "यंदाचा पहिला खडा कोमट होता."

तिने अंगठा बोटांवर चोळला.

"चुलीजवळच्या पिशवीतला होता. हातात घेतला तेव्हाच मला कळलं."

"आणि तरी तुम्ही…" अद्दीने वाक्य अर्धवट सोडले.

"तुम्ही सगळे दारात उभे होतात. काय ऐकायचंय ते तुमच्या श्वासावरून कळत होतं. मला वाटलं, सांगून टाकावं चांगलं काहीतरी. कधी नव्हे ते." तिने हात मागे घेतले. "हम्मू, तू जा. बस्सूला म्हणावं, आई म्हणते खाली ये."

हम्मू तिथूनच निघाला. खेचरवाला उब्राहिम त्याच्याबरोबर जायला तयार झाला. लोकरीचे झगे, दोन विजेऱ्या, पाठीवर भाकरी, एवढे घेऊन दोघे अर्ध्या तासात वाटेला लागले. गावाच्या शेवटच्या घराशी हम्मू अद्दीसाठी थांबला.

"झायिदला काय सांगू, काका?"

अद्दी खिंडीकडे पाहत होता. तिथे आकाश इतके निळे होते की कड्यावरचे एकेक झुडूप मोजता यावे.

"जे ऐकलंस ते सांग."

"खाली ये म्हणून सांगू?"

"पंधरा मेंढ्या व्यायच्या आहेत," अद्दी म्हणाला. "त्याला त्याची अक्कल आहे."

*

रविवारी उन्हे कलताना खिंडीच्या वाटेवर धूळ दिसली. बायका धाब्यांवर चढल्या. आधी उब्राहिम, मग निळ्या खुणेची मेंढरे, मग हम्मू, आणि सर्वांत मागे एक लंगडी मेंढी खांद्यावर घेतलेला बस्सू. तुदा धाब्यावरून उतरली नाही. तिला त्याचे चालणे दुरून ओळखता आले, तेवढे पुरे होते.

अद्दी वाटेच्या तोंडाशी उभा राहून मेंढरे पुढून जाऊ देत होता. निळी खूण, निळी, पिवळी, निळी. त्याच्या मेंढरांना लाल खूण होती.

"तो आला नाही," हम्मू म्हणाला.

"दिसतंय."

"मी सगळं सांगितलं. मिठाचंही. तो म्हणाला, बस्सूच्या बायकोला बस्सू हवा आहे, घेऊन जा." हम्मूने झग्यावरची धूळ झटकली. "मग त्यानं विचारलं, माझा बाप काय म्हणाला."

अद्दीने मान वळवली नाही.

"मी म्हटलं, तुला तुझी अक्कल आहे असं म्हणाला. तेव्हा तो हसला आणि मेंढवाड्याची झडप लावून घेतली. दोन मेंढ्या काल रात्रीच व्याल्या होत्या. मी खूप सांगितलं, काका. तास गेला त्यात."

"बरं," अद्दी म्हणाला, आणि वाटेतून बाजूला झाला.

बस्सू घरी आला, आईच्या डोक्याचे चुंबन घेतले, पाय गरम पाण्यात सोडून बसला. घडलेले सगळे त्याला वाटेत मामाकडून कळले होते. तुदाने पुढे ठेवलेला चहा त्याने दोन घोटांत संपवला.

"आता गावभर तुझीच गोष्ट," तो म्हणाला. "नदीपलीकडची सून, मिठाला थुंकी लावणारी."

"तुम्ही खाली आलात ना."

"मी आलो." तो पायांकडे पाहत राहिला. "झायिदनं मला त्याचा मफलर दिला. म्हणाला, खिंडीत वारं असेल, तू नाजूक आहेस."

मफलर दाराजवळ खुंटीला होता. लाल-काळ्या पट्ट्यांचा, अद्दीच्या घरचे विणकाम. तुदाने तिकडे पाहायचे टाळले.

सोमवारी सकाळी साडेसहाला पहिला बर्फ पडला. इशाऱ्यापेक्षा अर्धा तास उशिरा, असे हम्मूने नंतर सांगितले, पण तेव्हा ते ऐकून कोणी हसले नाही. अद्दी त्याआधीच, अंधार असतानाच, काठी घेऊन एकटा निघाला होता. दुपारी तो परत आला. तिसऱ्या वळणापुढे वाऱ्यात उभे राहता येत नव्हते. खाली बसून सरकत तो थोडा पुढे गेला, मग वाट दिसेनाशी झाली. त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. त्याच्या बायकोने त्याला आत ओढून घेतले आणि दार लावले.

मंगळवारभर बर्फ पडत राहिला. लोक दर दोन तासांनी धाबी लाकडी फावड्यांनी मोकळी करत होते, नाहीतर छते वजनाने खाली आली असती. अझिबवरच्या झोपडीचे छत जुन्या देवदाराच्या चार वाशांवर उभे आहे आणि त्यातला एक मोडका आहे, हे बस्सूला माहीत होते. तो ते कोणाशी बोलला नाही. रात्री मात्र त्याने तुदाला सांगितले, आणि मग दोघे जागेच राहिले.

मंगळवारी दुपारी तुदा एका भांड्यात गरम सूप घेऊन अद्दीच्या घरी गेली. त्याच्या बायकोने दार उघडले, भांडे घेतले, आतल्या बाजूला ठेवले. "ये बस," असे ती म्हणाली नाही. "जा," असेही म्हणाली नाही. तुदा थोडा वेळ उंबऱ्याशी उभी राहून परतली. कोणी शिव्या दिल्या असत्या तर तिला काय करायचे ते कळले असते. ती मनाशी हिशेब मांडत राही: तिने त्या सकाळी खरे सांगितले असते तर, पंचांनी कळप वर ठेवले नसते तर, आणि दर वेळी हा विचार त्याच एका खड्याशी येऊन थांबे, जो तिने ओला केला नव्हता.

*

बुधवारी तिसऱ्या प्रहरी वारा पडला. बर्फ सुरू झाल्यापासून फोन बंदच होते, पण हम्मूचा बॅटरीवरचा रेडिओ चालत होता. मशिदीच्या पायरीवर त्याने तो मोठा केला. बातम्यांनंतर हवामान सांगणाऱ्या बाईचा नेहमीचा शांत आवाज आला.

"बर्फवृष्टी आज रात्री थांबेल. गुरुवार ते शनिवार आकाश निरभ्र. वारा मंद. उंच भागात रात्रीचं तापमान उणे बारापर्यंत. डोंगरातले रस्ते बंद राहतील, अनावश्यक प्रवास टाळावा."

"निरभ्र," कोणीतरी म्हणाले.

"उणे बारा," अद्दी म्हणाला. गेल्या दोन दिवसांत तो इतरांसमोर बोललेला हा पहिलाच शब्द होता. "निरभ्र म्हणजे बर्फ दगड होईल. उद्या दिवस उगवायच्या आत निघायला हवं. कोण येतंय?"

हात वर झाले नाहीत. माणसे उठून घरी गेली, आणि घराघरांतून फावडी बाहेर काढल्याचे आवाज येऊ लागले.

गुरुवारी झुंजूमुंजू होताना अद्दी यम्नाच्या दाराशी आला. आत बस्सू सुजलेल्या पायांना फडकी गुंडाळून बूट चढवत होता. तुदा त्याला काही म्हणाली नव्हती. शनिवारी ज्याला खाली आणण्यासाठी ती भिंतीशी जाऊन उभी राहिली होती, तो आज पुन्हा तिकडेच निघाला होता, आणि नको म्हणायला तिच्यापाशी तोंड नव्हते. तिने भाकरीचे गाठोडे बांधले आणि खुंटीवरचा लाल-काळा मफलर वर ठेवला.

अद्दी उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "सूनबाई."

"काय, काका?"

"त्या सकाळी. इन्नायरच्या. धाब्यावर दव होतं?"

तुदाला प्रश्न कळायला थोडा वेळ लागला. "होतं. इट्टोची दुपटी गोठून ताठ झाली होती."

"म्हणजे मीठ ठेवलं असतं, तर पाझरलं असतं."

"ठाऊक नाही, काका. दव गोठलेलं होतं. कदाचित नसतंही पाझरलं."

"तसंही असेल," अद्दी म्हणाला. चुलीशी बसलेल्या यम्नाकडे त्याने पाहिले. तिने डोके वर केले नाही. "मी त्याला खाली ये म्हणून सांगितलं असतं, तर तो आला असता. माझं ऐकायचा तो." मग त्याने विचारले, "मीठ आहे का घरात? बर्फातून मेंढरं निघत नाहीत. हातात मीठ दिसलं की येतात मागं."

तुदाने खुंटीवरची चामड्याची पिशवी काढली. त्यातून मूठभर काढावे की कसे, हे तिला ठरवता येईना, म्हणून तिने ती आख्खीच त्याला दिली. अद्दीने ती तळहातावर तोलून पाहिली आणि झग्याच्या आत, छातीशी ठेवली.

"कोमट आहे," तो म्हणाला.

अकरा माणसे निघाली. पहिल्या वळणापर्यंत बर्फ कमरेइतका होता. पुढचे दोघे वाट फोडायचे, दमले की मागे व्हायचे आणि दुसरे दोघे पुढे यायचे. तुदा धाब्यावर गेली. फावडे लावून तिने उगवतीकडचा कोपरा मोकळा केला. तिथली पाटी खालच्या मातीला गोठून चिकटली होती. तिने ती निघते का पाहिले नाही. वर आकाश काचेसारखे स्वच्छ होते. पांढऱ्या उतारावर ती काळी रांग अगदी सावकाश सरकत होती. कधी थांबायची, कधी पुढचे दोन ठिपके मागे यायचे. खालून यम्नाने विचारले, "कुठपर्यंत गेले?"

"दुसऱ्या वळणाशी," तुदाने सांगितले, आणि पुन्हा डोळ्यांवर हात धरला.